अडकणारी पेटी

४ जानेवारी, सोमवार

प्रशिक्षण केंद्राने एक वही दिली आहे. रोज शाळेतून आलं की तीत ‘चिंतन’ लिहायचं. विषयसुद्धा त्यांनीच वर छापून दिलाय : वर्गातलं तंत्रज्ञान आणि मुलांची सर्जनशीलता. त्या वहीत मी त्यांना वाचायला बरं वाटेल ते लिहीन. ही वही माझ्या पैशाची, हिच्यात मला वाटतं ते.

आधी हकिगत. पन्नाशीला टेकलो असताना मी हस्तकलेचा शिक्षक व्हायला निघालोय. कुलुपं-किल्ल्यांचं दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं, आणि अर्धवट मनाने नाही. पाटीवरचं माझं नाव मीच खरवडून काढलं. आता जानेवारीभर या शाळेत सराव पाठ आणि महिनाअखेर परीक्षकांसमोर अंतिम पाठ. पास झालो तर प्रमाणपत्र आणि याच शाळेतली हस्तकलेची रिकामी जागा. नापास झालो तर धाकट्याच्या दुकानात धाकट्याच्या हाताखाली. तिसरी वाट नाही.

वर्ग सहावीचा, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. भिंतीवर फळ्याच्या जागी भलामोठा पडदा. कोपऱ्यात चाकांचं लोखंडी कपाट, त्यात मुलांचे टॅब ओळीने उभे करून चार्जिंगला लावलेले. टॅबमध्ये एक ‘मदतनीस’ असतो. प्रश्न विचारला की उत्तर देतो, चित्र मागितलं की चित्र काढून देतो. वर्गाच्या बाई मोठ्या हौसेने दाखवत होत्या. मला मुलगी असती तर बाईंच्याच वयाची असती. मी टॅब उलटा करून बघितला. पाठीला एकही स्क्रू नाही.

“काय शोधताय, सर?”

“हा उघडतो कुठून?”

“उघडायचा नसतो तो.”

तिथेच माझं मत झालं. सगळं आयुष्य बंद वस्तू उघडण्यात गेलंय माझं. जी वस्तू उघडू देत नाही, तिच्या पोटात काहीतरी असतं, जे तिला दाखवायचं नसतं. टॅबच्या माथ्यावर बारीक काळा ठिपका आहे, डोळ्यासारखा. मधल्या सुट्टीत मी माझ्या टेबलावरच्या टॅबच्या त्या डोळ्यावर कागदाचा चिटोरा चिकटवून टाकला.

दुपारपर्यंत मुलांनी माझं बारसं केलं : चावीसर. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

६ जानेवारी, बुधवार

पहिला सराव पाठ. विषय : पुठ्ठ्याची झाकणवाली पेटी, पुढे छोटी कडी. नमुना घरून करून नेला होता. कोपऱ्याला काटकोनाचा गुण्या लावला तर मध्ये कागद सरकणार नाही, असा. मुलांना म्हटलं, हा नमुना, अगदी असाच हवा. मग किल्लीचं उदाहरण दिलं. मूळ किल्ली एका चिमट्यात धरायची, कोरी दुसऱ्या चिमट्यात. मूळ जिथे खाली जाते तिथे कोरीनेही खाली जायचं. जरा कुठे चुकली तर ती किल्ली राहत नाही, पितळेचा तुकडा होतो.

मागच्या बाकावरून चष्मा लावलेली, दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, “सर, पेटीत ठेवायचं काय?”

“ते नंतर. आधी पेटी.”

“पण काय ठेवायचं ते ठरलं नाही तर केवढी करायची ते कसं कळणार?”

“नमुन्याएवढी.”

वर्ग फिसकन हसला. “कासव, गप की!” असं कोणीतरी म्हणालं. सगळं काम सगळ्यांच्या शेवटी देते म्हणून हे नाव, हे बाईंनी मागाहून सांगितलं.

टॅबच्या कपाटाला मी पाठाआधीच कुलूप घातलं होतं, माझं स्वतःचं. बाई मागे बसून सारखं काहीतरी लिहीत होत्या. एवढं टिपून घेण्यासारखं माझ्या पहिल्याच पाठात होतं! तास संपल्यावर म्हणाल्या, “सर, मुलांना थोडं चुकू दिलं तर?”

म्हटलं, “बाई, चुकायला त्यांना माझी मदत कशाला लागते?”

त्या हसल्या. पटलं असावं.

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, “अहो, कपाटाला कुलूप? तुम्ही शिकवायला गेलात की पहारा द्यायला?” हिला त्या यंत्राची कल्पना नाही. ज्या मुलाला विचारल्याबरोबर उत्तर मिळतं, ते मूल डोकं खाजवायचं विसरतं. मला कोणी शिकवलं? कोणीही नाही. म्हणून तर येतं.

११ जानेवारी, सोमवार

पेट्या आल्या. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या आणि खाली वाकून, एक डोळा मिटून बघितलं. एकाही पेटीचं डोकं वर नाही की पोट पुढे नाही. दुकानात एकाच किल्लीच्या नकला टांगाव्यात तशा. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “यातली कुणाची कुठली, सांगता येईल?”

मी म्हटलं, “तुम्हीच काय, ज्याची त्यालाही सांगता येणार नाही.” आणि खरंच, दोन मुली एकाच पेटीवरून भांडायला लागल्या. मी म्हटलं, कुठलीही घ्या, काय फरक पडतो? याहून मोठी पावती शिक्षकाला कुठली?

केंद्राच्या वहीत आज झकास लिहिलंय : ‘यंत्राच्या मदतीने केलेलं सगळ्यांचं काम एकसारखं दिसतं. मुलाचा स्वतःचा हात त्यात कुठे सापडत नाही. हा मोठा धोका आहे.’

कासवाची पेटी तेवढी आलेली नाही. उद्या आणते म्हणाली.

१२ जानेवारी, मंगळवार

आणली. आणि माझा दिवस नासवला.

नमुन्याशी काडीचा संबंध नाही. लांबट, बसकी, एका बाजूला किंचित फुगलेली. कडी नाही, खिटी नाही, झाकण ओढलं तर निघत नाही. तिने पेटी हातात घेतली, आधी डावीकडे कलवली, मग पुढे. आत काहीतरी गडगडलं आणि झाकण सुटलं. आत सायकलचा छर्रा आहे. तो झाकणाच्या पट्टीला अडवून बसतो आणि पेटी नेमकी कलवली की बाजूला होतो.

मुलांनी गलका केला. “परत, परत!” दुसऱ्यांदा उघडली. तिसऱ्यांदा अडकली. तिने तळव्यावर आपटली, मग सुटली.

मी कुलूपवाला आहे. ही युक्ती सहावीतल्या मुलीची नव्हे, हे मला वास घेऊन कळतं.

“कुठून काढलीस?”

“विचारलं.”

“कुणाला?”

“मदतनीसला. घरच्या टॅबवर.”

बघा! मी एवढं बोललोही नव्हतो आणि कबुली हातात.

“म्हणजे ही पेटी तुझी नाही.”

“पण सर, त्याने सांगितलेली चाललीच नाही. मग मी...”

“बस खाली.”

पेटी कट्ट्यावर ठेवली नाही. माझ्या पिशवीत टाकली, पुरावा म्हणून. गुणांच्या जागी रेघ मारली. कासव खाली बसली आणि पूर्ण तासभर माझ्या पिशवीकडे बघत होती.

बाई म्हणाल्या, “सर, तिचं वाक्य पुरं होऊ द्यायला हवं होतं.” या बाई कोणाच्या बाजूच्या आहेत, याचा अंदाज घ्यायला हवा. अंतिम पाठाला परीक्षकांच्या शेजारी याच बसणार.

१३ जानेवारी, बुधवार

चोर पकडायचा तर चोराच्या घरी जावं लागतं. बाईंकडून टॅब मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो. मदतनीसला विचारलं : कलवल्यावर उघडणारी पेटी कशी करायची?

लगेच उत्तर. ‘छान कल्पना आहे!’ मी अजून काही केलेलं नाही, छान कशाला? गिऱ्हाईक दुकानात शिरायच्या आत ज्याचं तोंड गोड होतं, त्याच्याकडून मी कधी काही घेतलेलं नाही. पुढे कृती दिली होती : सरळ खोबण, एका टोकाला छर्रा, झाकणाला पट्टी. मापंसुद्धा होती. मी मापाला माप जुळवून केली. कलवली. छर्रा गेला आणि झाकण उचलायच्या आत परत आला. पुन्हा केली, खोबण जरा उतरती ठेवून. तेच. तिसऱ्यांदा केली. तेच.

ही समोर भाजी निवडत बसली होती. म्हणाली, “यंत्राला येत नाही की तुम्हाला?”

“यंत्राला. सरळ खोबणीत छर्रा थांबणारच नाही.”

“मग त्या पोरीची कशी उघडते?”

मी खोबण पुन्हा मोजायला घेतली. ही म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलात तेव्हा माझ्या बाबांच्या कपाटाचं कुलूप खोललंत. आत कसं आहे बघतो, म्हणून. पुन्हा कुठे बसलं ते? अजून ते कपाट दोरीने बांधतात.”

“तेव्हा मी शिकत होतो.”

“तेच म्हणते मी,” ही म्हणाली आणि देठं गोळा करून आत गेली. काय तेच, ते सांगितलं नाही.

मुद्दा असा : यंत्राची कृती चुकीची आहे आणि मुलीची पेटी चालते. म्हणजे यंत्राच्या मागे आणखी कोणीतरी आहे. माणूस. आणि कुलुपातला जाणकार.

१५ जानेवारी, शुक्रवार

संशय खरा ठरला, पण भलत्याच ठिकाणी.

धाकट्याच्या दुकानात गेलो होतो. माझी जुनी कानस खुंटीला टांगलीय, आणि जिथे माझं स्टूल असायचं तिथे किल्ली वाचणारं नवं यंत्र बसवलंय. किल्ली घातली की स्वतःच मोजतं, स्वतःच कापतं. धाकटा शेजारी चहा पीत बसलेला.

“या, गुरुजी!” म्हणाला. “दादा, ती तुझी विद्यार्थिनी आली होती रे. चष्मा, दोन वेण्या.”

“कोण?”

“नाव नाही विचारलं. मोडकी कुलुपं आहेत का, म्हणाली. भंगाराचा डबाच दिला तिला. तीनचारदा आली. इथेच खाली बसायची, पाय पसरून.”

“आणि तू तिला शिकवलंस.”

“मी? अरे, गिऱ्हाईक टाकून मी पोरांना शिकवत बसू? तिने एकदाच विचारलं, हे कसं उघडायचं. म्हटलं, मला काय माहीत, उघडून बघ.”

“एवढंच?”

“एवढंच. तूही मला एवढंच सांगायचास की.”

तो माझ्याकडे बघून दात काढत होता. दुकान त्याला दिलं, पाटी दिली, आता माझ्या वर्गातली मुलंही हवीत वाटतं. मुलीने माझ्याबद्दल काय सांगितलं, विचारलं. तर म्हणे, ‘चांगले आहेत, पण सारखं मोज म्हणतात.’

चहा न घेता आलो.

१७ जानेवारी, रविवार

आज पेटी उघडली.

दुसरा मार्ग नव्हता. कोणाचा हात आहे ते आतूनच कळणार होतं. कुलपाच्या आत बघितलं की ते कोणी बसवलं, कोणी खोललं, कोणी जबरदस्ती केली, सगळं मला दिसतं. बारीक ब्लेड घेऊन गोंदाच्या रेषेवरून सावकाश गेलो. बूड सुटलं, पण त्याबरोबर खोबणीच्या भिंतीही फाटत आल्या. गोंद फार लावलाय पोरीने.

आत जे होतं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. खोबण सरळ नाही, तिला वाकण आहे, आणि वाकणात एक छोटा खळगा. कलवल्यावर छर्रा तिथे विसावतो आणि झाकण उचलेपर्यंत परत येत नाही. यंत्राने हे सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, हे फक्त इथे लिहितो. पण त्याच बुडावर दुसऱ्या वाकणाचीही खूण आहे, खरवडून काढलेली. तिच्या शेजारी तिसरी. एक सरळ खोबणसुद्धा आहे, सगळ्यांत खालच्या थरात, वरून पुठ्ठा चिकटवून बुजवलेली. म्हणजे सुरुवात यंत्राच्या कृतीपासून झाली, ती फसली, मग वाकण इकडे, मग तिकडे, मग जरा अलीकडे.

मी बराच वेळ भिंग धरून बसलो होतो. या कोणाच्या तरी चुका आहेत. उत्तराची नक्कल करता येते, पण चुकांची नक्कल करायला कोणी बसत नाही.

म्हणजे पेटी तिचीच.

ठीक आहे. मी चुकीचा नव्हतो. माझ्याकडे तेव्हा पुरावा अपुरा होता. आता प्रश्न एवढाच की पेटी परत जोडायची कशी. पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटलेत. ही आत डोकावली, टेबलावरचे तुकडे बघितले आणि दिवा माझ्या बाजूला सरकवून गेली.

नवी करतो. तीच मापं, तेच वाकण, तोच खळगा. आणि करतोच आहे तर जरा नीट.

२० जानेवारी, बुधवार

पेटी उत्तम झाली. रंगसुद्धा तिच्या पुठ्ठ्याशी जुळवला. पुन्हा पुन्हा कलवून बघितली, एकदाही अडकली नाही. मधल्या सुट्टीत कासवाला टेबलाशी बोलावलं आणि म्हटलं, “ही घे. रेघ खोडून गुण दिलेत. पुरते.”

तिने हातात घेतली. कलवली, उघडली. बंद केली. कलवली, उघडली. तिसऱ्यांदा कलवली, उघडली. मग टेबलावर ठेवून दिली.

“ही माझी नाही.”

“तुझीच आहे.”

“माझी अडकायची, सर.”

“ते काढून टाकलं.”

“का?”

शिक्षक व्हायला निघालेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर यायला हवं. मी पेटीवरची नसलेली धूळ पुसली.

“माझी कुठे आहे?”

“आत काय आहे ते बघायला उघडली.”

“कशी?”

“ब्लेडने.”

ती रडेल असं वाटलं. रडली असती तर सोपं गेलं असतं, खिशात रुमाल होता. ती म्हणाली, “मग तुम्हाला दिसलं?”

“दिसलं. तीन वाकणं केलीस तू. चांगलं केलंस.”

“ते नाही. तिसऱ्या वेळेलाच का अडकते ते?”

“नाही.”

“मलापण कळलं नव्हतं,” ती म्हणाली. “बंद केल्यावरच अडकायची, आणि बंद असताना आत दिसत नाही. म्हणून तशीच ठेवली होती. कळलं की मग नीट करणार होते.”

आणि जागेवर जाऊन डबा खायला लागली. माझी पेटी टेबलावरच राहिली. मला वाटलं होतं, मी दोष काढून टाकला. तिच्या लेखी मी तिचा प्रश्नच फेकून दिला होता. हे मला त्याच क्षणी कळलं असं नाही. घरी येताना जिना उतरताना कळलं, आणि एक पायरी चुकली.

२४ जानेवारी, रविवार

अंतिम पाठाचं टाचण शुक्रवारी बाईंकडे दिलं. विषय : नमुन्यावरून कागदी बिजागरी. साहित्य : पुठ्ठा, कागद, गोंद, पट्टी. टॅबचा वापर : नाही. बाईंनी वाचलं आणि विचारलं, “पेटीचं काही नाही यात?” म्हणजे त्यांना कळलंय. मुलीने सांगितलं असणार. म्हटलं, “मुख्याध्यापकांना कळवायचं असेल तर कळवा.” त्या म्हणाल्या, “तिने तक्रार केलेली नाही, सर. पेटी परत अडकती कशी करायची, एवढंच विचारत होती ती.” मधाचं बोट लावून माणूस काय काढून घेतो, ते मला माहीत आहे.

काल आणि आज पेटी अडकवायचा प्रयत्न केला. लिहायला लाज वाटते. खोबणीत वाळूचे कण टाकले, ती कायमचीच अडकली. कण काढले, कायमचीच सुरळीत. खळगा वाढवला, कमी केला. उघडायची तर दर वेळी उघडते, अडकायची तर दर वेळी अडकते. दोनदा उघडून तिसऱ्यांदा रुसणारी पेटी काही केल्या होईना.

ही म्हणाली, “जन्मात पहिल्यांदा एखादं काम मुद्दाम बिघडवायला बसलात, आणि तेही जमेना.”

“हसू नकोस.”

“हसत नाही. त्या पोरीलाच विचारा ना.”

“मी तिचा शिक्षक आहे.”

“मग यंत्राला विचारा.”

हिला यात गंमत वाटतेय. माझा अंतिम पाठ शुक्रवारी आहे.

२९ जानेवारी, शुक्रवार

पाठ झाला. काय झालं ते क्रमाने लिहितो, डोकं थाऱ्यावर नाही.

परीक्षक मागच्या बाकावर, गुडघे बाकात मावत नसल्याने तिरके बसलेले. शेजारी बाई. फळ्यावर, म्हणजे पडद्यावर, विषय लिहिला : कागदी बिजागरी. नमुना काढायला पिशवीत हात घातला. हाताला आधी पेटी लागली. ती पिशवीत राहिली होती. बिजागरी खाली होती. पेटी बाजूला ठेवावी म्हणून टेबलावर ठेवली, आणि सगळा वर्ग बिजागरी सोडून पेटीकडे बघायला लागला. कासव तेवढी खाली बघत होती.

मी बिजागरीबद्दल दोन वाक्यं बोललो. तिसरं आठवेना. मग म्हटलं, “ही पेटी दर वेळी उघडते. हिची मूळ पेटी तिसऱ्यांदा अडकायची. ती मी कापली. का अडकायची ते मला ठाऊक नाही, आणि मला ती पुन्हा तशी करता येत नाही.”

परीक्षकांनी टाचणाचं पान उलटून मागे काही आहे का बघितलं.

“कोणाला येईल?”

मग एकाने विचारलं, “मदतनीसला विचारायचं?” मी किल्ली काढली आणि कपाटाचं कुलूप उघडलं. टाचणात ‘टॅबचा वापर : नाही’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं परीक्षकांच्या हातात होतं.

मदतनीस बोलायला लागला : पेटी अडकू नये म्हणून खोबण गुळगुळीत ठेवा, माप अचूक घ्या, नमुना तपासून पाहा.

“अहो सर, हा तर डिट्टो तुमच्यासारखंच बोलतोय!” एक मुलगी ओरडली.

वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा. मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

कासव उभी राहिली. “असं नाही विचारायचं. अडकू नये कसं ते तो सांगतोच. दोनदा चालून तिसऱ्यांदा काय बदलत असेल, ते विचार.” मग उत्तरं यायला लागली. छर्रा प्रत्येक वेळी थोडा पुढे जाऊन बसत असेल. गोंद पुरता वाळला नसेल. हाताच्या उबेने पुठ्ठा फुगत असेल. एकेका उत्तरावर भांडणं. “माझ्या हाताला घाम येतो, मी धरते!” “तू धरलीस तर पेटीच पोहायला लागेल!” माझी पेटी तर कोणीतरी केव्हाच फाडली होती. ती पुरेना, तेव्हा मुलं खिडकीकडे वळली. कट्ट्यावरच्या पेट्या, माझ्या सगळ्या सारख्या पेट्या, त्यांनी कापायला घेतल्या. मी “अरे” म्हणेपर्यंत अर्ध्या कापून झाल्या होत्या. कोणाची दोन मजली झाली, कोणाची गोल, एकाने तर नुसती खोबणच लांबवत बाकाच्या टोकापर्यंत नेली. आणि मी काय करत होतो? खाली फरशीवर बसून दोघी मुलींसाठी छर्रा शोधत होतो. तो कपाटाच्या चाकाखाली गेला होता.

घंटा झाली. एकाचीही पेटी तिसऱ्यांदा अडकली नाही.

परीक्षक उठले, गुडघे चोळले. “उद्दिष्ट साध्य झालं का?”

मी म्हटलं, “नाही.”

“मूल्यमापन कसं करणार होतात?”

“मोजता येईल असं काही झालंच नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. नंतर दाराच्या काचेतून मी बघितलं, व्हरांड्यात बाई परीक्षकांशी हातवारे करून बोलत होत्या. चेहरा लाल झाला होता. मागून वार करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण इतक्या तावातावाने करणारी नाही पाहिली.

२ फेब्रुवारी, मंगळवार

निकाल. पास नाही, नापासही नाही. शेरा असा : ‘पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. वर्गशिक्षिकेच्या आग्रहावरून मार्चमध्ये पुन्हा पाठाची संधी द्यावी. तोपर्यंत याच वर्गावर सराव चालू ठेवावा.’ खाली मुख्याध्यापकांची सही, आणि जागा मार्चपर्यंत भरणार नाही असंही कळलं.

बाईंच्या आग्रहावरून! यात त्यांचा काय फायदा आहे, ते अजून माझ्या लक्षात आलेलं नाही. आभार मानले. म्हणाल्या, “आभार कसले, खिडकीचा कट्टा आधी साफ करून द्या.” खरंच, तिथे आता काय वाट्टेल ते आहे. पण कुठली वस्तू कोणाची, ते दारातून सांगता येतं.

केंद्राच्या वहीत चिंतन लिहायचं राहिलंय. यंत्र चांगलं की वाईट, एवढंच त्यांना हवं असणार. माझा टॅबवर अजून विश्वास नाही. पण त्याला काय विचारायचं ते कासवाला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते कळत नाही.

मधल्या सुट्टीत कासव टेबलाशी आली. नवी पेटी पुढे केली. आधीच्यापेक्षा लहान आणि जास्तच वाकडी.

“अडकते?”

“उघडतच नाही. म्हणजे मला येते उघडता. तुम्ही उघडा. कापायची नाही.”

मी डावीकडे कलवली, पुढे कलवली. उलटी केली. कानाशी धरली. आत दोन छर्रे आहेत, बहुतेक, आणि एक कुठेतरी मऊ जागी टेकतो. बोटाने ठोकून पोकळी कुठे आहे ते बघितलं. भोवती मुलं जमली. “चावीसरांना येईना!” मी ऐकलंच नाही असं दाखवायचंही विसरलो. घंटा झाली तेव्हा पेटी बंदच होती.

म्हटलं, “घरी घेऊन जाऊ का? उद्या परत देतो.”

तिने पेटी माझ्या हातातून काढून घेतली आणि चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली. गिऱ्हाईक मोडकी किल्ली घेऊन यायचं आणि खरंच आपल्याच घराची आहे म्हणायचं, तेव्हा मी असाच बघायचो.

“ब्लेड घरी आहे ना तुमच्या?”

“आहे.”

“मग नको, सर. इथेच बघा.”

पेटी दप्तरात घातली, चेन ओढली आणि दप्तर मांडीवर घेऊन बसली. योग्य केलं. मीही माझ्या हातात दिली नसती.